बाळ परदेशात जन्मलं तर नागरिकत्व कुठलं? पहिलं वर्ष महत्त्वाचं

तुमचा प्रश्न असा: दोघांकडेही भारतीय पासपोर्ट, वर्क व्हिसावर ब्रिटनला किंवा युरोपात जायचं चाललंय आणि मूल तिकडेच होईल. मग ते तिथलं नागरिक होईल का? आणि नाही झालं तरी भारताचं तर आपोआप असेलच ना?

दोन्हींचं उत्तर नाही. पहिल्या ‘नाही’ने फार काही बिघडत नाही. दुसरं मात्र अनेकांना मूल चार-पाच वर्षांचं झाल्यावर कळतं.

जन्मलं तिथलं नागरिकत्व, हा नियम मुख्यतः अमेरिका खंडातला. कॅनडात तो आजही सरळ लागू आहे. ब्रिटनने तो 1 जानेवारी 1983 पासून बंद केला. आई किंवा वडील ब्रिटिश नागरिक किंवा तिथे कायम राहण्याचा हक्क मिळालेले असतील तरच बाळ ब्रिटिश. आयर्लंडमध्ये 2005 पासून पालकाचं आधीच्या चार वर्षांपैकी तीन वर्षांचं वास्तव्य लागतं आणि विद्यार्थी व्हिसावरचा काळ त्यात धरत नाहीत. जर्मनीत जून 2024 पासून पालकाचं पाच वर्षांचं कायदेशीर वास्तव्य आणि कायम राहण्याचा परवाना, दोन्ही हवं. म्हणजे नुकत्याच गेलेल्या जोडप्याच्या बाळाला यातलं काहीच लागू होत नाही. आखाती देशांत तर परदेशी पालकांच्या मुलांसाठी हा विषयच नाही.

अमेरिकेचा बेत असेल तर थोडं वेगळं. तिथे 1868 च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने आणि सुप्रीम कोर्टाच्या 1898 मधल्या वाँग किम आर्क निकालाने जन्मसिद्ध नागरिकत्व पक्कं केलं. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या 20 जानेवारी 2025 च्या आदेशाने मात्र, आई तात्पुरत्या व्हिसावर आणि वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील, तर पुढे जन्मणाऱ्या बाळाला ते नाकारायचं ठरवलं. एच-वन-बी या तात्पुरत्या वर्क व्हिसावरची बहुतेक जोडपी यातच येतात. आदेश कोर्टांनी अडवला आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. बाळंतपणाच्या तारखेला कायद्याची स्थिती काय आहे ते तिथल्या इमिग्रेशन वकिलाकडून तपासून घ्या, व्हॉट्सॲपवरून नको.

आता भारताकडे. नागरिकत्व कायदा 1955, कलम 4. 3 डिसेंबर 2004 पासून परदेशात जन्मलेलं मूल, आईवडील दोघंही भारतीय असले तरी, आपोआप भारतीय होत नाही. जन्मापासून एक वर्षाच्या आत भारतीय दूतावासात किंवा कॉन्सुलेटमध्ये जन्म नोंदवावा लागतो, आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं पालकांनी लेखी द्यावं लागतं. हे केलं नाही आणि राहता देशही नागरिकत्व देत नसेल, तर मूल कुठल्याच देशाचं नाही. स्टेटलेस म्हणतात ते हेच. पासपोर्ट नाही म्हणून प्रवास नाही, आजीआजोबांकडे यायचं म्हटलं तरी विमानात बसता येत नाही. भारताने स्टेटलेस लोकांसंबंधीच्या 1954 आणि 1961 च्या करारांवर सही केलेली नाही, त्यामुळे त्यांचा आधार इथे मिळत नाही.

“राहू दे तसंच, पाच वर्षांनी ब्रिटिश होईल” हा सल्ला कोणी दिला तर तो जुना आहे हे लक्षात ठेवा. ब्रिटनमध्ये जन्मून पाच वर्षं तिथेच राहिलेल्या स्टेटलेस मुलाची नोंदणी करता येते, आणि 2017 मध्ये लंडनच्या हायकोर्टाने जन्म न नोंदवलेल्या भारतीय जोडप्याच्या मुलीला स्टेटलेस मानलंही. त्यानंतर 2022 च्या कायद्याने ही वाट अरुंद केली: पालकांना मुलासाठी दुसरं नागरिकत्व सहज घेता आलं असतं, तर पाच ते सतरा वयाच्या मुलाला हा लाभ नाही. मुलाला मुद्दाम पासपोर्टविना ठेवणं हा तसाही वाईट जुगार आहे.

कामाचा क्रम सांगतो. आधी स्थानिक जन्मदाखला. इंग्लंडमध्ये 42 दिवसांत नोंद करावी लागते. तिथे दोन प्रकारचे दाखले मिळतात. छोट्यावर आईवडिलांची नावं नसतात, तेव्हा पूर्ण दाखलाच घ्या. मग भारताच्या नागरिकत्व पोर्टलवर जन्मनोंदणीचा अर्ज, सोबत दोघांचे पासपोर्ट, व्हिसा किंवा निवास परवाना, विवाहाचा दाखला आणि ते लेखी निवेदन. बहुतेक जण बाळाच्या पासपोर्टचा अर्जही याच वेळी करतात. दूतावास किंवा कॉन्सुलेटगणिक कागदांची यादी थोडी बदलते, ती त्यांच्याच वेबसाइटवरून घ्या.

अडतं ते बहुधा नावावर. आपल्याकडे बाईच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव, विवाह दाखल्यावर सासरचं. बाळाच्या नावात वडिलांचं नाव मधे घालायचं की नाही, हे रजिस्ट्रारसमोर उभं राहून ठरवलं जातं आणि मग दाखल्यावर एक, अर्जात दुसरं. त्यामुळे पासपोर्टमधली नावं, जोडीदाराच्या नावाच्या नोंदीसह, निघायच्या आधीच सारखी करून घ्या. विवाह नोंदणी राहिली असेल तर तीही. तिकडून ती करणं महाकठीण.

वर्ष उलटलं असेल तर मार्ग बंद होत नाही, पण केंद्र सरकारची परवानगी लागते, फाइल दिल्लीला जाते आणि तोवर मूल पासपोर्टविना. उशिराचं कारण लेखी, पुराव्यासह द्या.

बाळाचा अमेरिकन किंवा कॅनडाचा पासपोर्ट निघाला, तर मात्र ही नोंदणी करू नका, ते निवेदन खोटं ठरेल. त्या मुलासाठी ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारतात येण्या-राहण्याची मुभा देणारं कार्ड. ते नागरिकत्व नव्हे: मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

आणि एक, पुढच्या काळासाठी. काही देश नागरिकत्व देण्याआधी जुनं सोडायला सांगतात. त्यांचं लेखी आश्वासन हातात आल्याशिवाय भारताचं सोडू नका, कारण मधल्या काळात अर्ज फेटाळला गेला तर तुम्हीच स्टेटलेस. शिवाय कलम 8 प्रमाणे पालकाने नागरिकत्वाचा त्याग केला की अल्पवयीन मुलाचंही जातं. सज्ञान झाल्यावर ते परत मागायला त्याला एकच वर्ष मिळतं. त्यामुळे नव्या देशाच्या अर्जात मुलाचं नाव आहे ना, ते सही करण्याआधी पाहा.