अज्ञानाची तडजोड: नव्या वकिलास पत्र

सोलापूर

चि. वकीलमित्रास अनेक आशीर्वाद.

मोहोळच्या वाटपाच्या दाव्यातली तुझी तडजोड पुरसीस, म्हणजे कोर्टात द्यायचं तडजोडीचं लेखी निवेदन, वाचली. हिस्से नीट पाडलेस. पण तुझा पक्षकार, प्रतिवादी क्रमांक 4, अज्ञान म्हणजे अल्पवयीन आहे आणि त्याच्या वतीनं आईची नुसती सही आहे. तेवढ्यावर तडजोड टिकत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 32, नियम 7 प्रमाणे कोर्टाची परवानगी लागते आणि ती नोंदीत स्पष्ट दिसावी लागते. पुरसिशीवर 'वाचली व नोंदवली' एवढ्या शेऱ्यावर विसंबू नकोस. अर्ज वेगळा दे, त्यावर हुकूम घे, रोजनामा, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामाची नोंद, त्याच दिवशी बघ.

अर्जासोबत आईचं प्रतिज्ञापत्र आणि तडजोड मुलाच्या हिताची असल्याचा तुझा दाखला हवा. इथं बरेच जण ठरलेली एक ओळ डकवून मोकळे होतात. न्यायाधीश साहेब त्या दाखल्याला बांधील नसतात, त्यांना हिशेब लागतो. समज, 8 एकरांत मुलाचा चौथा हिस्सा, म्हणजे 2 एकर. तडजोडीत मिळतोय 1 एकर 20 गुंठे. मग 20 गुंठे का सोडले ते लिही: मिळालेला तुकडा विहिरीखालचा, रस्त्याला लागून, बाकीचं माळरान. सातबारा आणि नकाशा जोड. विहिरीच्या पाण्याची पाळी तडजोडीतच लिहून घे, नाहीतर बागायतीचा युक्तिवाद कोरडाच.

आईही हिस्सेदार आहे. मुलाच्या वाट्यात सूट देऊन ती स्वतः रोख घेत असेल, तर दाव्यापुरता पालक दुसरा नेमून घे. त्याची लेखी संमती लागते. मुलाची रक्कमही कोर्टाच्या परवानगीशिवाय पालकाच्या हाती जात नाही. सज्ञान होईपर्यंत राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव, अशी अट घाल.

परवानगी राहून गेली तर मुलगा तडजोड रद्द करून घेऊ शकतो. समोरच्या पक्षातल्या चुलत्यांना मात्र त्या कारणानं सुटता येत नाही. म्हणजे घाई खरं तर त्यांच्या वकिलाला हवी. हे त्याला सांग, कागद लवकर हलतील. लोकअदालतीत मिटवणार असाल तर अर्ज आधीच्या तारखेलाच दे. त्या दिवशीच्या गर्दीत कोण वाचतं?

तू विचारलेल्या विस्मरणाच्या आजोबांना त्याच ऑर्डरचा नियम 15 लागतो, म्हणजे अज्ञानासाठीचे हेच नियम त्यांनाही. पण ते आपलं हित जपायला असमर्थ आहेत, हे कोर्टानं चौकशी करून ठरवावं लागतं. सिव्हिल हॉस्पिटलचा दाखला हा पुरावा झाला, निर्णय नव्हे. साहेबांनी बोलावलं तर आजोबांना समोर न्यायची तयारी ठेव, आणि तोवर कुठल्याही कागदावर त्यांचा अंगठा घेऊ देऊ नकोस.