कार्ड गेलंय ना? मग आधी गवत शोधा

तुमच्या गोल्फ खेळणाऱ्या धाकट्या भावाबद्दल तुम्ही लिहिलेलं वाचलं; त्याने खेळत राहावं की थांबावं, हा तुमचा प्रश्न. पीजीटीआयचं (भारतातली व्यावसायिक गोल्फ टूर) कार्ड, म्हणजे तिथे खेळायचा हक्क गेला, कट (पहिल्या फेऱ्यांनंतर पुढे खेळायला मिळण्याची मर्यादा) ओळीने हुकताहेत, कोच म्हणतो स्विंग मुळापासून बदलू आणि घरचे म्हणतात पुरे झालं, नोकरी बघ. मी याच रस्त्याने गेलोय, आता पोरांना शिकवतो. क्यू-स्कूल (कार्ड मिळवायची पात्रता स्पर्धा), एन्ट्री फी वगैरे तुम्हाला माहीतच असेल, ते सोडतो.

कार्ड गेल्याने माझं फारसं बिघडलं नव्हतं. वाट लावली ती एका क्लबच्या ऑफिसने. नाव विचारू नका. बक्षिसं येत होती तोवर नोटीस बोर्डावर माझा फोटो होता. कार्ड गेल्यावर तिथलेच क्लार्क मला विचारतात, "सध्या तुम्ही कुठल्या कॅटेगरीत बसता?" मेंबर नाही, टूरवर नाही, क्लबचा कोचही नाही. सरावासाठी अर्ज दिला, तर म्हणे कमिटीपुढे ठेवू. कमिटी बसली तर कोरम नाही. मग सेक्रेटरी बदलले आणि नव्या साहेबांना अर्ज नव्या नमुन्यात हवा झाला. तोवर अख्खा सीझन गेला आणि मी बाहेरच्या रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, नकली गवताच्या मॅटवरून बॉल मारत बसलो. आपल्याकडे बहुतेक कोर्स (गोल्फची मैदानं) मेंबरांचे, नाहीतर लष्कराचे. घरची मेंबरशिप नसलेला प्रो म्हणजे कायमचा पाहुणा. असो.

मॅटचं मुद्दाम सांगतोय. तुम्ही लिहिलंय की रेंजवर त्याचे फटके एक नंबर बसतात आणि स्पर्धेत वेज (जवळच्या फटक्याची काठी) शॉर्ट पडतो, म्हणजे बॉल आधीच थांबतो. मॅटवर क्लब, म्हणजे हातातली काठी, बॉलच्या बोटभर मागे आपटला तरी घसरून पुढे जातो, आवाजही खणखणीत येतो. तोच फटका गवतावर मारा, क्लब मातीत रुततो आणि बॉल निम्म्यात बसतो. त्याला खऱ्या फेअरवेवर (कोर्सवरचा कापलेल्या गवताचा पट्टा) वेजने दहा फटके मारायला लावा आणि माती कुठून उडतेय ते बघा. बॉल होता त्याच्या पुढची उडायला हवी. मागची उडत असेल तर नव्या स्विंगच्या गप्पा तूर्त बंद. कोच मंडळींना राग येईल, पण मॅटवर स्विंग बदलणं हा माझ्या मते जुगार आहे. (त्याचा खेळ मी पाहिलेला नाही, त्यामुळे हे अंदाजानेच घ्या.)

नातेवाईक आपल्या अर्जुन अटवाल या गोल्फपटूचं उदाहरण देतील. 2010 मध्ये दुखापतीनंतरची सवलत संपून अमेरिकेतल्या पीजीए टूरचं कार्ड गेलं, सोमवारच्या पात्रता फेरीतून विंडहॅम चॅम्पियनशिपमध्ये शिरला, पहिल्याच दिवशी फेरी अवघ्या 61 फटक्यांत संपवली आणि एका फटक्याने जिंकला. खरं आहे, पण त्याआधी तो बरीच वर्षं वरच्या पातळीवर खेळलेला होता. मला आपलाच दुसरा गोल्फपटू जीव मिल्खा सिंग जास्त पटतो. 1999 नंतरचं पुढचं मोठं जेतेपद थेट 2006 मध्ये, चायना ओपनला. मधली वर्षं कुणी सांगत नाही. आपल्या पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकला गेला तो अर्जेंटिनाच्या ग्रियोने माघार घेतल्यावर. लोक त्याला नशीब म्हणतात. पण जागा रिकामी झाली तेव्हा हा रँकिंगच्या यादीत पुढचा होता म्हणून नंबर लागला ना!

घरच्यांशी वाद घालू नका, हिशेब मांडा. कट हुकला की बक्षीस शून्य. कॅडी (बॅग वाहणारा सोबती), हॉटेल, प्रवास मात्र खिशातून. एका सीझनचा खर्च बाजूला काढता येत असेल आणि आठवड्यातून तीनदा तरी गवतावर सराव मिळत असेल, तर एक वर्ष आणखी द्या. दोन्हीपैकी एक नसेल तर मी तरी देणार नाही. आणि घाईत पुन्हा हौशी खेळाडू होण्याचा अर्ज टाकू नका. तो मंजूर व्हायला थांबावं लागतं आणि प्रो म्हणून खेळत राहिलात तर ते थांबणं फुकट.

क्लबकडून परवानगी मिळाली तर ती लेखी घ्या, दिवस आणि वेळ घालून, पोचेवर शिक्का मारून. सेक्रेटरी बदलतात. खर्चाची बिलंही जपा. मी सीए नाही, पण बक्षिसातून टीडीएस कापला जातो आणि रिटर्न भरताना तीच बिलं लागतात.