मॉडेल रेल्वेच्या डीसीसी लेआउटवर आवाजवाली वाफेची इंजिनं घ्यावीत, की तो चार दिवसांचा नाद ठरतो?

प्रश्नाखाली तपशील दिलाय तो असा: एचओ मापाचा (१:८७, म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान) छोटा लेआउट, म्हणजे फळीवरची रेल्वे, बांधायला घेतलाय, डीसीसी (रुळांतूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल हुकूम देणारी पद्धत) नक्की आहे, आणि एका जाणकाराने सल्ला दिलाय की "साउंड डीकोडर म्हणजे पोरखेळ, दहा मिनिटांत डोकं उठतं, त्याच पैशांत आणखी एक इंजिन घे." वर तीन पोटप्रश्न: डीकोडर (इंजिनात बसून हे हुकूम पाळणारी, आणि साउंड डीकोडर असेल तर आवाजही काढणारी चिप) कुठला, स्पीकर कसा आणि व्हॉल्यूम किती.

तो जाणकार माझा दादा नसावा अशी आशा करतो. शब्द मात्र त्याचेच आहेत, अगदी "पोरखेळ"सकट.

माझं उत्तर: एकच इंजिन घ्या, पण आवाजवालं घ्या. डिझेल मुकं असलं तरी माझं काही अडत नाही. वाफेच्या इंजिनाचं तसं नाही, कारण तिथे आवाज आणि चाकं एकाच यंत्रणेची असतात. पिस्टनला दोन्ही बाजूंनी वाफ ढकलते, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात प्रत्येक सिलिंडर दोनदा वाफ धुराड्यातून बाहेर टाकतो. दोन सिलिंडर, त्यांचे क्रँक (रॉड चाकाला जोडणारे खुंटे) एकमेकांशी ९० अंशांवर, म्हणून एका फेऱ्याला चार ठोके. समोर रॉड फिरताना दिसतोय आणि ठोका त्याच्याबरोबर पडतोय, एवढं जमलं की पुरे. नाही जमलं तर दादा म्हणतो ते खरं आहे, पोरखेळच.

आमचं भांडण नेमकं ह्याच मुद्द्यावर सुरू झालं.

लेआउट दोघांचा आहे. सुतारकाम, रूळ, खडी, डोंगर, झाडं दादाची. वायरिंग आणि इंजिनं माझी. मी एक तीन सिलिंडरचं ब्रिटिश एक्स्प्रेस इंजिन वापरलेलं विकत घेतलं होतं. १:७६ म्हणजे ओओ माप, पण रूळ एचओचेच, १६.५ मिमी रुंदीचे, त्यामुळे आमच्या लेआउटवर बिनतक्रार धावतं. (एचओ आणि ओओ एकत्र चालवू नयेत असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी वाद पुन्हा कधीतरी.) आधीच्या मालकाने त्यात साउंड डीकोडर बसवून दिला होता. मी खुशीत होतो. दादाने काय करावं? पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका मोठ्या चाकावर लावला, "वेगाच्या सगळ्यात खालच्या स्टेपवर सोड" म्हणाला, फळीवर हनुवटी टेकली आणि मोजायला लागला.

"चार," म्हणाला. "मागे घे. परत सोड." पुन्हा चारच.

"सिलिंडर किती ह्याला?"

"तीन."

"मग ठोके सहा पाहिजेत. हा दुसऱ्याच कुठल्या इंजिनाचा घसा लावलाय."

दादाला वाफेच्या इंजिनातलं कळतं, नाही असं मी कधीच म्हटलेलं नाही. तीन सिलिंडर, क्रँक १२० अंशांवर, एका फेऱ्याला सहा. अपवादही त्याला तोंडपाठ: चार सिलिंडर म्हणजे आठ ठोके असं सरळ गणित नाही, कारण बहुतेक चार सिलिंडरवाल्यांत दोन-दोन सिलिंडर एकाच वेळी वाफ सोडतात आणि ऐकू चारच येतात. ब्रिटनच्या सदर्न रेल्वेच्या लॉर्ड नेल्सन वर्गात (पहिलं इंजिन १९२६ चं) क्रँक मुद्दाम वेगळ्या कोनात बसवले होते, म्हणून तिथे खरोखर आठ. आणि गॅरेट नावाच्या जोड-इंजिनात एकाच बॉयलरवर चालणारे दोन स्वतंत्र चाकसंच असतात, त्यांचे ठोके मध्येच जुळतात, मध्येच सुटतात. हे सगळं त्याने मला त्याच संध्याकाळी ऐकवलं. मला माहीत असूनही.

मी सीव्ही (डीकोडरमधली आकड्याने बदलता येणारी सेटिंग) बदलली. झिमो कंपनीच्या डीकोडरमध्ये ठोक्यांची गती सीव्ही २६७ मध्ये असते, ईएसयू कंपनीच्या लोकसाउंड डीकोडरमध्ये ५७ आणि ५८ मध्ये. तुमच्या डीकोडरची पुस्तिका बघा. ठिपका एकदा वर येईपर्यंत सहा ठोके पडतील असं बसवलं. ओओमध्ये दोन मीटरच्या चाकाचा परीघ साधारण ८३ मिमी होतो, म्हणजे इंजिन १४ मिमी सरकलं की एक ठोका. पट्टी लावून दाखवलं. दादाने ऐकलं आणि म्हणाला, "ठोके सहा झाले, ठेका चारचाच राहिला."

ह्यात तो बरोबर होता, आणि ही गोष्ट बहुतेक विक्रेते सांगत नाहीत. खऱ्या इंजिनाचे ठोके कधीच एकसारखे नसतात. व्हॉल्व्ह किंचित इकडेतिकडे असतात, त्यामुळे एखादा ठोका जड, एखादा फुसका. ध्वनिमुद्रण दोन सिलिंडरच्या इंजिनाचं असेल तर जड ठोका दर चौथ्याला येतो. सहाच्या फेऱ्यात तो दर वेळी चाकाच्या वेगळ्या जागी पडतो आणि कानाला काहीतरी तिरपं वाटत राहतं. सीव्हीने गती बदलते, ध्वनिमुद्रण तेच राहतं. शेवटी प्रोग्रामर नावाचं उपकरण जोडून तीन सिलिंडरच्या इंजिनाच्या आवाजाची फाइल डीकोडरमध्ये भरली. मग ठिपका, ठोका, ठेका सगळं जुळलं.

दादाने बराच वेळ ऐकलं. मी वाट बघत होतो. तो म्हणाला, "ठीक आहे. पण गोंगाट फार आहे."

वहिनी दारातून म्हणाली, "हो, आहे खरा."

इथे मात्र मी ऐकून घेतलं नाही, अजूनही घेत नाही. गोंगाट होता, पण माझ्या इंजिनाचा नव्हता. मी इंजिनाचा आवाज फंक्शनच्या बटणाने बंद केला, मागे डब्यांची रांग जोडली आणि तेवढ्याच वेगाने सोडली. खडखडाट तसाच. दादाने रुळांखाली छान कॉर्क घातलाय, पण वर खडी पसरून ती पाणी घातलेल्या पांढऱ्या गोंदाने पक्की केलीय. तो गोंद वाळला की दगड होतो, खडीच्या कडांवरून थेट प्लायवुडला चिकटतो आणि कॉर्क असून नसल्यासारखा. चाकांची थरथर सरळ फळीत उतरते आणि फळी डग्ग्यासारखी घुमते. त्या घुमण्यावर मात करायला मी आधी व्हॉल्यूम वाढवला होता, आणि दोन्ही मिळून वहिनीचं डोकं उठत होतं. "साउंड डीकोडरने डोकं उठतं" म्हणणाऱ्या बहुतेकांच्या घरी हाच प्रकार असतो, असं माझं स्पष्ट मत आहे. आवाज बंद करून एकदा गाडी सोडा आणि मग बोला.

दादाचं म्हणणं, रेल्वे म्हटली की खडखडाट असणारच. म्हणून यार्डातली एक सायडिंग (बाजूचा रूळ) उचलून पुन्हा घातली. ह्या वेळी खडीला वाळल्यावरही रबरासारखा लवचिक राहणारा लेटेक्सचा गोंद. फरक मुलालाही कळला. दादा म्हणाला, त्या भागात फळीखाली आडवं लाकूड आहे म्हणून. आडवं लाकूड आहे, हे खरं. पण मेन लाइनखाली तर त्याहून जास्त आडवी लाकडं आहेत.

असो. तुमची फळी अजून रिकामी आहे, म्हणून सांगतो: खडी चिकटवण्याआधी गाडी चालवून ऐका, नंतरही ऐका, आणि लवचिक गोंद वापरा. जुनी खडी उकरून काढण्यासारखं कंटाळवाणं काम ह्या छंदात दुसरं नाही.

आता व्हॉल्यूम. १:८७ मापात तुम्ही एक मीटरवरून बघता तेव्हा खऱ्या गाडीपासून ८७ मीटरवर उभे असता. तेवढ्या अंतरावरून काय ऐकू येतं? ठोके, शिट्टी, सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर तो. फावड्याने कोळसा टाकल्याचा आवाज येत नाही. तरी बहुतेक फाइलींत तो आपोआप, मध्येच, मोठ्याने वाजतो. तो बंद करा किंवा अगदी खाली आणा. एकूण आवाज ईएसयूमध्ये सीव्ही ६३ ला, झिमोत २६६ ला. डीकोडर ज्या आकड्यावर सेट होऊन येतो त्याच्या निम्म्याच्याही खाली न्या, मग एकेक आवाज जुळवा. शेजारच्या खोलीत ठोके मोजता येत असतील तर अजून खाली. दोन-तीनपेक्षा जास्त इंजिनं एकदम वाजत ठेवू नका. शेडमध्ये उभी आहेत ती गप्प.

स्पीकरवर लोक फार कमी बोलतात, आणि डीकोडरच्या नावावरून मारामाऱ्या करतात. स्पीकरचा पडदा पुढे आणि मागे दोन्हीकडे हवा हलवतो. दोन्ही लाटा एकमेकींत मिसळल्या तर खालचे सूर उडून जातात आणि डबड्यातल्या माशीसारखा आवाज उरतो. म्हणून मागची बाजू हवाबंद डबीत हवीच, एकही फट नको. टेंडरमध्ये (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात) मावेल तेवढा मोठा स्पीकर घ्या. आवाज धुराड्यातूनच यायला हवा म्हणून स्मोकबॉक्समध्ये (धुराड्याखालच्या भागात) इवलासा स्पीकर कोंबणारे लोक आहेत. माझ्या कानाला एचओत टेंडर आणि धुराडं ह्यातलं अंतर कळत नाही, पण स्पीकर छोटा आहे हे लगेच कळतं.

वायरिंगचं थोडक्यात. मुकं इंजिन घाणेरड्या रुळावर क्षणभर अडखळलं तर लक्षातही येत नाही. आवाजवालं गप्प होतं, पुन्हा जागं होतं, आणि खोलीभर जाहिरात करतं. म्हणून रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची ड्रॉपर वायर (रुळाला खालून वीज देणारी), सोल्डरचा डाग मारून. दोन रूळ जोडणाऱ्या जॉइनरच्या भरवशावर राहू नका. पॉइंटचे (रूळ फुटतात तिथले) फ्रॉग, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात ते तुकडे, वीज देऊन जिवंत ठेवा, नाहीतर आखूड इंजिनं तिथेच मान टाकतात. टेंडरच्या चाकांवरूनही वीज घेतली जाते का ते इंजिन घेण्याआधी विचारा. शेवटी लेआउटभर ठिकठिकाणी दोन रुळांवर नाणं आडवं ठेवून शॉर्ट करा. प्रत्येक ठिकाणी सिस्टीमचा ब्रेकर लगेच पडला पाहिजे. नाही पडला तिथे वायर बारीक आहे किंवा डाग कच्चा आहे. स्टे-अलाइव्ह कॅपॅसिटर (वीज क्षणभर तुटली तरी इंजिन चालू ठेवणारा) हे सगळं केल्यावर लावा, त्याऐवजी नाही.

"आणखी एक इंजिन घे" ह्या सल्ल्यावर माझा खरा राग वेगळाच आहे. आवाज आला की चालवणाऱ्याचा हात बदलतो. सीव्ही ३ आणि ४ (वेग घ्यायला आणि कमी व्हायला लागणारा वेळ) वाढवा, म्हणजे गाडीला वजन येतं. मग स्टेशन यायच्या बरंच आधी रेग्युलेटर बंद करावा लागतो. ठोके थांबतात, रॉडांची खणखण तेवढी राहते, ब्रेकचं बटण दाबून गाडी फलाटाला लावावी लागते. सुटताना सिलिंडर कॉक (सिलिंडरच्या तोट्या) उघडे ठेवून पाणी बाहेर टाकायचं, शिट्टी द्यायची, मग पहिला ठोका. हे मुक्या इंजिनाने करता येतं, पण कुणी करत नाही. दादा पूर्वी गाडी सोडून डोंगर रंगवत बसायचा. आता ते तीन सिलिंडरवालं इंजिन तोच चालवतो, मला हात लावू देत नाही, आणि वर आवाज पोरखेळ आहे असंही म्हणतो.

वेगात पळवणार असाल तर मात्र पैसे वाचवा. दीड मीटरचं चाक, दोन सिलिंडर, ताशी ३६ किमी: सेकंदाला आठाहून जास्त ठोके. ताशी ६० ला चौदा. तिथे ठोके जुळले काय आणि न जुळले काय, कानाला नुसती सरसर ऐकू येते. आवाजाची मजा यार्डात, चढावर आणि स्टेशनात आहे.

काही गोष्टी राहिल्या. वर लिहिलंय ते एचओ आणि त्याहून मोठ्या मापांसाठी. त्याहून लहान एन मापात टेंडर इतका लहान असतो की मी तिथे एवढा हट्ट धरणार नाही. जुना साधा डीसी कंट्रोलर (रुळाला नुसता कमीजास्त व्होल्टेज देणारा) मधूनच वापरायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, साउंड डीकोडर बराच व्होल्टेज मिळेपर्यंत इंजिन हलवतच नाही, आणि मग एकदम हलवतो. स्टे-अलाइव्ह बसवलेलं इंजिन प्रोग्रामिंग ट्रॅकवर (सीव्ही बदलायच्या वेगळ्या रुळावर) सीव्ही वाचताना त्रास देऊ शकतं.

आणि डीकोडर कुठला? ईएसयू घ्या, झिमो घ्या, दोन्ही चांगले. आधी तुमच्या इंजिनाचे सिलिंडर मोजा आणि त्याच वर्गाची फाइल कुणाकडे आहे ते ऐकून बघा, डीकोडर त्यावरून ठरेल. वापरलेला घेणार असाल तर स्पीकर किती ओहमचा चालतो ते विचारून घ्या. लोकसाउंडच्या ३.५ पिढीला १०० ओहमचा लागायचा, ४ पासून पुढे ४ ते ८ ओहमचे चालतात. जुन्या डीकोडरला नवा स्पीकर जोडलात तर डीकोडर जळू शकतो.