सायबर सिक्युरिटीच्या पदवीसाठी घर तारण ठेवावे का?

प्रश्न: मिरजेत माझे इलेक्ट्रिकल सामानाचे दुकान आहे, उत्पन्न वर्षाला साडेसहा लाख. आम्ही ओबीसी. मुलगी बारावी सायन्स झाली, सीईटी दिली आहे. पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात बी.टेक. सायबर सिक्युरिटीला जागा मिळते आहे. फी ३ लाख ६० हजार, हॉस्टेल-मेस १ लाख ३० हजार. आठ दिवसांत ५० हजार भरून जागा पक्की करा म्हणतात. ६ लाखांची एफडी मोडायची आणि बाकीचे घर तारण ठेवून कर्ज घ्यायचे, असा विचार आहे. कर्जाच्या व्याजावर करात सूटही मिळते म्हणे. तिला डिजिटल मीडियाही आवडतो. एक संस्था अडीच लाखांत वर्षाचा डिप्लोमा देते. धाकटा आत्ता दहावीला बसेल. काय करावे?

उत्तर: घर तारण ठेवू नका, आणि ५० हजारही एवढ्यात भरू नका. मुलीची आवड योग्य आहे, पण तिच्यासाठी एवढी किंमत मोजायची गरज नाही.

आधी कर्जाचे पाहू. चार वर्षांचा खर्च १९ लाख ६० हजार. एफडीचे ६ लाख वजा केले की १३ लाख ६० हजार उरतात, म्हणजे वर्षाला ३ लाख ४० हजारांची उचल. व्याजदर साडेदहा टक्के धरला, शिक्षणाची चार वर्षे आणि नंतरचे एक वर्ष हप्ता नाही असे मानले, तरी व्याज पहिल्या उचलीपासून चढू लागते. सरळव्याजाने ते ५ लाख होते. परतफेड सुरू होईल तेव्हा डोक्यावर १८ लाख ६० हजार असतील आणि दहा वर्षांच्या मुदतीला हप्ता येईल सुमारे २५,१०० रुपये. एकूण परतफेड ३० लाखांवर. यात फीवाढ धरलेलीच नाही. फी दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढली तर चार वर्षांत आणखी १ लाख १२ हजार लागतील.

आता हा हप्ता कोण भरणार? पहिली नोकरी वर्षाला ४ लाखांची धरा. हातात महिना ३० हजारांच्या आसपास येतात. त्यातून २५ हजार गेले तर पुण्यात खोलीचे भाडेही निघणार नाही, म्हणजे हप्ता तुमच्याच दुकानातून जाणार. शिकत असतानाच व्याज भरत गेलात तर पहिल्या वर्षी महिना तीन हजारांत भागते, पण चौथ्या वर्षी तेच ११,९०० होते. नेमक्या त्याच वर्षी धाकटा कॉलेजात पाऊल टाकेल.

हप्ता पहिल्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या आत असावा, हा माझा आग्रह असतो. १० हजारांच्या हप्त्यात दहा वर्षांत ७ लाख ४० हजारच फिटतात. शिकताना व्याज न भरता ते साचू दिले, तर मूळ कर्ज ५ लाख ४० हजारांवर जाता कामा नये. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. म्हणून बँक घराची कागदपत्रे मागू लागली की कर्ज मुलीच्या पगाराला झेपणारे नाही, असे समजा. कर्जासोबत एकरकमी विम्याचा हप्ता जोडून देऊ लागले तर त्याच्यावरही व्याज लागते. त्यापेक्षा तुमच्या नावाने साधा टर्म इन्शुरन्स वेगळा घ्या.

करसवलतीचा मुद्दा तुमच्या बाबतीत गैरलागू आहे. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट जुन्या करप्रणालीतच मिळते. नव्या प्रणालीत आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर शून्य. तुम्हाला साडेसहा लाखांवर करच नाही, मग वाचणार काय?

तुमच्यासाठी खरा पैसा दुसरीकडे आहे. राज्य सरकारच्या २०२४ च्या निर्णयानुसार ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना, कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट एकच, आणि ती पुष्कळांच्या ध्यानात येत नाही: प्रवेश सीईटी कक्षाच्या केंद्रीय फेरीतून, म्हणजे कॅपमधून झाला पाहिजे. मॅनेजमेंट कोटा आणि संस्था पातळीवरचे प्रवेश यात बसत नाहीत, खासगी विद्यापीठेही नाहीत. आज ५० हजार भरून ती जागा घेतलीत तर ही माफी हातची जाते.

सांगली-मिरज परिसरात कॅपमधून कॉम्प्युटर किंवा आयटीची जागा मिळाली तर विकास शुल्क आणि इतर आकार मिळून वर्षाला २० हजार, पुस्तके-प्रवासाचे २५ हजार आणि एकदाच लॅपटॉपचे ६५ हजार धरा. चार वर्षांत हे अडीच लाखांच्या आत बसते. पुण्यातलीच जागा मिळाली तर हॉस्टेल धरून ७ लाख ६५ हजार. दोन्हींत घर सुरक्षित राहते, आणि घराजवळची जागा मिळाली तर निम्मी एफडी धाकट्यासाठी शिल्लक राहते.

माफी मात्र आपोआप मिळत नाही. तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, जातीचा दाखला, जात वैधता आणि अधिवास हे सगळे आत्ताच फाइलला लावा. वैधतेला वेळ लागतो, तिचा अर्ज झाला नसेल तर उद्याच करा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज दरवर्षी भरायचा असतो. दुसऱ्या वर्षी नूतनीकरण राहिले की कॉलेज पूर्ण फी मागते. बँक खाते आधारशी जोडलेले नसणे आणि आधारवरचे नाव दहावीच्या गुणपत्रिकेशी न जुळणे, या दोन कारणांनी अर्ज हमखास अडकतात. भरल्यानंतर अर्ज कॉलेजच्या लॉगिनमधून पुढे गेला का, हेही बघत राहा.

राहिला प्रश्न सायबर सिक्युरिटी या नावाचा. त्या शाखेतही पहिली दोन वर्षे प्रोग्रॅमिंग, डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टीम, नेटवर्किंग, डेटाबेस हेच असते. सुरक्षेचे विषय पुढे येतात आणि कॉम्प्युटरच्या मुलांनाही पर्यायी विषय म्हणून त्यातले बरेच घेता येतात. नवख्यांना काम बहुतेक सुरक्षा देखरेख कक्षात, पाळ्यांमध्ये मिळते. समोर लॉग, म्हणजे यंत्रांवर काय घडले त्याच्या नोंदी, येत असतात आणि त्यातला खरा धोका कोणता, हे ओळखायचे असते. नेटवर्कवर डेटाचे पॅकेट कसे जाते आणि लिनक्सवर एखादी प्रोसेस का चालू आहे, हे ज्याला कळत नाही त्याला पदवीवरच्या नावाचा तिथे उपयोग होत नाही. माहितीपत्रकात सीआयएसएसपीचा उल्लेख असेल तर लक्षात ठेवा, त्या प्रमाणपत्राला पाच वर्षांचा अनुभव लागतो. नवीन पदवीधर परीक्षा देऊ शकतो, पूर्ण प्रमाणपत्र मिळत नाही. सिक्युरिटी प्लस या नवख्यांसाठीच्या प्रमाणपत्राची वैधता तीन वर्षे असते, म्हणून ती परीक्षा शेवटच्या वर्षात द्यावी. दुसऱ्या वर्षी दिली तर नोकरीच्या पहिल्याच वर्षात तिची मुदत संपायला येते.

लॅपटॉप घेताना १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी पाहा. सरावासाठी एकाच वेळी दोन-तीन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या आतच चालणारे आभासी संगणक, चालवावी लागतात, ८ जीबीवर ती अडखळतात. महागडे ग्राफिक्स कार्ड या कामाला लागत नाही.

अडीच लाखांचा डिजिटल मीडिया डिप्लोमा सध्या नको. अशा अभ्यासक्रमाला मान्यता नसेल तर बँक शैक्षणिक कर्ज देत नाही, मग संस्था ‘बिनव्याजी हप्ता’ पुढे करते. तो करार वित्तकंपनीशी आणि तुमच्या नावाने असतो. मुलीने तिसऱ्या महिन्यात क्लास सोडला तरी हप्ते चालू राहतात. त्या क्षेत्रात केलेले काम बघून घेतात. कॉम्प्युटर शिकता शिकता कॉलेजच्या कार्यक्रमांचे व्हिडिओ आणि वेबसाइट तिने करून पाहाव्यात. वर्षभरानेही ओढ तेवढीच असेल तर तेव्हा विचार करू.

विद्यापीठाची जागा हातची ठेवायचीच असेल तर पैसे भरण्यापूर्वी परताव्याचा नियम लेखी मागा आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला देऊ नका. कॅपमध्ये तो लागेल. मूळ कागदपत्रे संस्थांनी अडकवून ठेवू नयेत, असे यूजीसीचे स्पष्ट नियम आहेत.

कॅपच्या पसंतीक्रमात खरोखर हवे तेच कॉलेज पहिले लिहा, कारण पहिला पर्याय मिळाला की तो आपोआप पक्का होतो. पण यादी पाच-सहा नावांवर थांबवू नका. एवढे करूनही जागा नाही मिळाली तर मिरज-सांगलीत बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स (एन्टायर) करून पुढे सीईटीतून एमसीए, हा रस्ता आहे. तेव्हा कर्ज लागलेच तर दोन वर्षांपुरते लागेल, आणि व्याजही दोन वर्षांतल्या उचलीवरच चढेल. तोपर्यंत एफडी एका रकमेत ठेवण्यापेक्षा मुदत संपताना दीड-दीड लाखांच्या चार पावत्या करा. फीसाठी एक मोडली तरी बाकी तिघींचे व्याज चालू राहील.