‘माझं डोकं सायन्सचं नाहीच, मॅडम’

बारावीचे वर्ग सुरू झाले की हे वाक्य माझ्याकडे, समुपदेशकाकडे, येतंच. जरा खोदलं की बहुतेक वेळा केमिस्ट्रीचा पहिलाच धडा निघतो, सॉलिड स्टेट, म्हणजे स्थायू पदार्थांची आतली रचना. स्फटिकातल्या शेजारच्या दोन आयनांमधलं (विद्युतभार असलेल्या अणूंमधलं) अंतर काढा म्हटलं की मुलं गांगरतात. "थ्रीडी दिसतच नाही," म्हणतात आणि वही मिटते.

अशीच एक मुलगी (ओळखीचे तपशील बदलले आहेत). दहावीला गणितात उत्तम गुण. पहिल्या भेटी रडण्यात गेल्या. मीही घाई केली नाही. मग म्हटलं, "पुढच्या वेळी केमिस्ट्रीची वही आण." आईला ते फारसं पटलं नाही. पण माझा अनुभव असा, की ‘जमत नाही’ हे नुसतं ऐकून कळत नाही, ते वहीत बघावं लागतं.

वहीत गणित होतं: सोडियम क्लोराइड (मीठ), त्याच्या स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या इवल्या घनाची कड ५६४ पिकोमीटर (लांबीचं अतिसूक्ष्म एकक), सोडियम आणि क्लोराइड यांच्यातलं सर्वांत कमी अंतर किती? तिचं उत्तर ४८८. त्यावर लाल फुली.

"हे कुठून आलं?"

"√३ भागिले २ चं सूत्र आठवलं, तेच लावलं."

"बरं, ही खोली म्हणजे घन. तू त्या कोपऱ्यात उभी राहा, तू क्लोराइड. सोडियम कुठे कुठे आहेत?"

"प्रत्येक कडेच्या मध्यावर. आणि एक खोलीच्या अगदी मधोमध, हवेत."

"तुला जवळचा कोणता?"

ती भिंतीला धरून निम्म्यापर्यंत चालत आली. "हा. म्हणजे निम्मी कड… २८२!" मग वर हवेत बघत म्हणाली, "आणि माझं ४८८ त्या मधल्याचं आहे, खोलीच्या निम्म्या कर्णाचं. तो लांबचा."

मी गप्प राहिले. पुढचं तिनंच केलं. शेजारचा क्लोराइड फरशीच्या मध्यावर, म्हणजे फरशीचा निम्मा कर्ण, ३९९. सीझियम क्लोराइडमध्ये कडेवर कुणीच नाही, सीझियम एकटा मधोमध, म्हणून √३ तिथे चालतं: कड ४१२, अंतर ३५७.

थ्रीडी दिसत नाही म्हणणारीनं हवेतला बिंदू अचूक दाखवला होता! तिचं उत्तर खऱ्या अंतराचं होतं, फक्त दुसऱ्या सोडियमचं. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत (घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला समज जास्त त्रास देतो, असं मानणाऱ्या) तयार झाले आहे, त्यामुळे मला इथे फुलीपेक्षा त्या फुलीवरून तिनं स्वतःला दिलेला निकाल महत्त्वाचा वाटतो. ‘लांबचा आयन धरला’ ही चूक पाच मिनिटांत दुरुस्त होते. ‘माझं डोकंच नाही’ यावर काय दुरुस्त करणार?

म्हणून मुलांना सांगते, सूत्र लिहिण्याआधी कोणते दोन आयन आणि ते कुठे बसलेत, हे शब्दांत लिहा. कड, फरशीचा कर्ण की खोलीचा कर्ण, ते मग आपोआप ठरतं. घनतेच्या गणितात तर बरेच जण अंतरात अडकतच नाहीत, पिकोमीटरचं सेंटीमीटर करताना अडकतात. तो निव्वळ दशांश चिन्हाचा घोळ, बुद्धीचा नव्हे.

आणि पालकांनो, "दहावीत तर येत होतं ना तुला गणित?" हे कृपया विचारू नका. वही उघडून घ्या आणि "कुठल्या ओळीपर्यंत जमलं?" एवढंच विचारा. तुम्हाला केमिस्ट्री येत नसेल तर उत्तमच. समजावून सांगता सांगता मुलालाच आपली ओळ सापडते.