प्रश्न तुमचे: आजोबांची ‘लिबर्टी’

प्रश्न (नाशिकरोडहून एक वाचक): माझे आजोबा मुंबईच्या गोदीत हमाल होते. १९४४ च्या स्फोटानंतर नाशिकला आले ते परत गेलेच नाहीत. फुटलं ते ‘लिबर्टी’ जहाज होतं, आणि ती जहाजं चार दिवसांत बांधायचे म्हणून मधोमध तुटायची, असं ते सांगायचे. खरं किती? त्यांच्या पेटीत एका जहाजाचा फोटोपण आहे, नाव दिसत नाही.

उत्तर: आजोबांनी दोन-तीन खऱ्या गोष्टी एकात गुंफल्यात, आपण त्या सुट्या करू.

१४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमधे फुटलं ते ‘फोर्ट स्टिकीन’. कॅनडात प्रिन्स रुपर्टला बांधलेलं, १९४२ चं. ते लिबर्टी नव्हे पण लिबर्टीचं चुलत भावंड म्हणा, कारण दोघांचं मूळ एकच, इंग्लंडमधल्या संडरलँडच्या थॉम्पसन यार्डाचं साधं मालवाहू डिझाइन. जर्मन पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या, ब्रिटनला ती भरून काढायची होती, म्हणून ब्रिटनने अमेरिकेत याच घाटाची ६० ‘ओशन’ जहाजं बांधायला दिली, कॅनडात ‘फोर्ट’ बांधली गेली, आणि अमेरिकेने त्यातच फेरफार करून स्वतःची लिबर्टी काढली. तब्बल २७१० लिबर्टी बांधल्या, १९४१ ते ४५ मधे! लांबी ४४१ फूट, माल दहा हजार टनांच्या वर, वेग फक्त ११ नॉट (तासाला साधारण २० किलोमीटर). इंजिन तर तेव्हाही जुनंच समजलं जायचं, तीन सिलिंडरचं वाफेचं, २५०० हॉर्सपॉवर, कारण टर्बाइन सगळे नौदलाला हवे होते आणि हे इंजिन मात्र कितीतरी कारखाने बनवू शकत होते. मिनिटाला साधारण ७६ फेरे, इतकं संथ की तेल घालणारा माणूस चालू इंजिनातच हात घालून बेअरिंग गरम झालंय का ते चाचपायचा. मला हे इंजिन फार आवडतं.

चार दिवसांची गोष्ट खरी आहे पण ती एकाच जहाजाची, ‘रॉबर्ट ई. पिअरी’ची. नोव्हेंबर १९४२, कॅलिफोर्नियातलं रिचमंड, कील (जहाजाचा तळातला कणा) टाकल्यापासून ४ दिवस साडेपंधरा तासांत पाण्यात. तो प्रचारासाठी केलेला विक्रम होता, मोठमोठे भाग आधीच जोडून तयार ठेवले होते. पहिल्या लिबर्टीला, ‘पॅट्रिक हेन्री’ला, आठ महिने लागले होते आणि पुढे सरासरी दीडेक महिन्यावर आली. हा वेग आला वेल्डिंगमुळे. रिव्हेट (पत्रे जोडायची धातूची खिळी) मारायला मुरलेला कारागीर लागतो, वेल्डिंग मात्र त्या यार्डांमधे हजारो नव्या बायका-पुरुषांना थोड्या दिवसांत शिकवता आलं.

आता तुटण्याचं. ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात काम केलेल्या कुणालाही विचारा, विमानाचा पत्रा आजही रिव्हेटनी जोडतात. रिव्हेटच्या जहाजात एका प्लेटला तडा गेला तर तो बहुतेकदा प्लेटच्या कडेला येऊन थांबतो, कारण पुढची प्लेट वेगळी. वेल्डिंग केलं की सगळं जहाज एकसंध पत्रा झालं, तड्याला थांबायला जागाच नाही, तो तळापर्यंत धावू शकतो. त्यात लिबर्टीच्या डेकवरच्या हॅचचे (माल आत उतरवायच्या तोंडाचे) कोपरे चौकोनी, आणि कापड फाटतं ते काजाच्या कोपऱ्यातनं हे शिंपी लोक सांगतातच की. तिसरं कारण पोलादाचं, आणि हे केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर या बाईंनी दाखवून दिलं, की ते पोलाद थंडीत ठिसूळ व्हायचं. गुळाची चिक्की उन्हाळ्यात वाकते आणि डिसेंबरात कटकन मोडते, तसंच काहीसं. निफाडला पारा चार-पाचवर गेला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात ना, साधारण तेवढ्याच थंड पाण्यात १६ जानेवारी १९४३ ला ‘स्केनेक्टडी’ हा नवा कोरा टँकर (हा लिबर्टी नव्हता, पण वेल्डिंगचाच) अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्याला बांधलेला असताना, वादळ नाही लाट नाही, मधोमध दुभंगला.

पण आजोबांच्या बोलण्यावरून वाटेल तितक्या लिबर्टी तुटल्या नाहीत हो. तडे पुष्कळ जहाजांना गेले, मात्र अचानक दोन तुकडे झाल्या त्या २७१० पैकी तीन. मग कोपरे गोल केले, डेकवर मुद्दाम रिव्हेटने पट्ट्या बसवल्या म्हणजे तडा तिथे अडेल, पोलाद सुधारलं, आणि युद्धानंतर यातल्या कितीतरी बोटी वर्षानुवर्षं धंदा करत फिरल्या.

फोर्ट स्टिकीन मात्र बांधणीमुळे गेलं नाही, ते गेलं माल भरण्यामुळे. या जहाजांच्या होल्डमधे (माल ठेवायच्या पोटातल्या कोठारात) मधे एक मजला असतो. दोन नंबरच्या होल्डमधे खाली कापसाच्या गासड्या आणि वरच्या मजल्यावर स्फोटकं, जहाजावर मिळून चौदाशे टनांच्या आसपास स्फोटकं. दुपारी कापूस पेटला, चार वाजून गेल्यावर पहिला स्फोट आणि अर्ध्या तासाने दुसरा. आग विझवायला उतरलेले ६६ अग्निशामक गेले. दरवर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात, आपल्या शिंगाडा तलावावरच्या फायर ब्रिगेडमधेही, तो त्यांच्यासाठीच. तुमचे आजोबा त्या दिवशी गोदीत कुठे होते हे घरात कुणाला ठाऊक असेल तर आत्ताच लिहून ठेवा, प्लीज.

फोटोचं सांगतो. मधला भाग बघा. कप्तानाचा ब्रिज आणि धुराडं एकाच ठोकळ्यासारख्या इमारतीत असेल तर लिबर्टी असू शकते. ब्रिजची इमारत पुढे वेगळी, धुराड्याची मागे वेगळी आणि दोन्हीच्या मधे मोकळी जागा, तिथे हॅच, असं दिसलं तर लिबर्टी नाही, फोर्ट किंवा ओशनच्या घराण्यातलं असण्याची शक्यता जास्त. फोटो दोन्ही बाजूंनी स्कॅन करून पाठवा, मागे पेन्सिलने काही लिहिलेलं असतं कधीकधी.