पिएत्रो मेनेआचा २०० मीटरचा विश्वविक्रम फक्त मेक्सिको सिटीच्या उंचीमुळे झाला का?

नाही, उंचीचा फायदा नक्की झाला, पण विक्रम तेवढ्यावर झाला नाही. इटलीच्या मेनेआने १२ सप्टेंबर १९७९ला जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १९.७२ सेकंदांची वेळ दिली. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटरवर आहे. तिथली हवा विरळ, त्यामुळे धावपटूला अडथळा कमी होतो. शिवाय पाठीमागून वाराही होता, अर्थात नियमात बसणारा. पण पुढच्याच वर्षी त्याने आपल्या गावी, समुद्रकाठच्या बार्लेत्ताला, १९.९६ची वेळ नोंदवली. तिथे कुठली आली उंची?

त्याची खरी ताकद शेवटच्या टप्प्यात दिसायची. १९८०च्या मॉस्को ऑलिंपिक फायनलमध्ये तो सगळ्यात बाहेरच्या आठव्या लेनमध्ये होता. वळण संपलं तेव्हा ब्रिटनचा ॲलन वेल्स स्पष्ट पुढे होता, तरी मेनेआने सरळ पट्ट्यात त्याला गाठलं आणि २०.१९ विरुद्ध २०.२१ असं सुवर्ण जिंकलं. अमेरिकेच्या बहिष्कारामुळे त्यांचे धावपटू तिथे नव्हते, हे मात्र लक्षात घ्यायला हवं. तरी १९७२ ते १९८४ सलग चार ऑलिंपिकमध्ये २०० मीटरची फायनल गाठणारा माणूस नुसत्या विरळ हवेवर मोठा झाला, असं म्हणणं मला अजिबात पटत नाही.